बाबांच्या गळ्यातल्या गाठीत पू झालाय, सीटी रिपोर्टवर लॅरिंगोपायोसील लिहिलंय, कुणाला माहितीये का हे?

ऐरोली_सेक्टर३
रविवार, रात्री १०:५२

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबण लागेल पण प्लीज पूर्ण वाचा. माझे बाबा ५९ वर्षांचे आहेत. रबाळे एमआयडीसीत लॅबची काचेची भांडी बनवणाऱ्या एका कंपनीत ३१ वर्षं ग्लास ब्लोअर आहेत, म्हणजे फ्लास्क, कंडेन्सर वगैरे, तोंडात रबरी नळी धरायची आणि बर्नरवर लाल झालेल्या काचेत फुंकर मारायची, दिवसभर हेच. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. तंबाखू खायचे, चार वर्षांपूर्वी सोडली.

मागच्या दिवाळीच्या आसपास त्यांच्या गळ्याला डावीकडे, कंठमण्याच्या जरा वर, लिंबाएवढा फुगवटा दिसायला लागला. गंमत म्हणजे तो कायम नसायचा. खोकले किंवा कामावर फुंकर मारली की वर यायचा, बोटाने दाबला की बुडबुड आवाज होऊन आत जायचा. बाबांनी मला स्वतः दाबून दाखवलं होतं, म्हणाले बघ हवा भरलीये. दुखत नव्हतं, मग आम्ही सगळ्यांनीच ते मनावर घेतलं नाही. आता रात्रंदिवस तेच आठवतंय.

दहा दिवसांपूर्वी ताप आला आणि घसा दुखायला लागला. जवळच्या दवाखान्यात पाच दिवस अँटिबायोटिक झालं, फरक शून्य. दुसऱ्या एका डॉक्टरांनी थायरॉईडची गाठ असेल म्हणून रक्त तपासायला सांगितलं, ते नॉर्मल आलं, त्यात अजून दोन दिवस गेले. तोवर गाठ लाल आणि गरम झाली, आता दाबली तरी आत जात नाही, बाबा हातच लावू देत नाहीत. मग नाक कान घशाच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी नाकातून दुर्बीण घालून बघितलं आणि लगेच काँट्रास्ट घालून गळ्याचा सीटी करायला लावला. रिपोर्ट आज संध्याकाळी मोबाईलवर आला. त्यात लिहिलंय की स्वरयंत्राच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे पसरलेली पिशवी आहे, तिच्यात हवा आणि पातळ द्रव आहे, भोवतीच्या कडा काँट्रास्टने चमकतायत, आणि श्वासाची वाट डावीकडून दाबली गेलीये. शेवटी लॅरिंगोपायोसील. डॉक्टर परगावी गेलेत, मंगळवारी संध्याकाळची वेळ दिलीये.

आवाज पार बसलाय, तोंडात मोठा घास धरून बोलावं तसं बोलतात. परवापासून आडवं झोपता येत नाही, दोन उशा पाठीला लावून बसूनच झोपतात. काल रात्रीपासून श्वास आत घेताना बारीक शिट्टीसारखा आवाज येतोय. थुंकी गिळायला पण त्रास होतोय, टॉवेल घेऊन बसलेत.

हा कॅन्सर असतो का? सुईने पू काढून भागत नाही का, की गळा कापायलाच लागतो? आवाज कायमचा जातो का? आत्या म्हणते आळशीचं पोटीस बांध, गाठ पिकून फुटेल. करू का?

घणसोली_गाव
रविवार, रात्री ११:०१

ताई घाबरू नका, माझ्या मावशीला पण गळ्याची गाठ होती, हळदीचा लेप आणि गरम मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून आठ दिवसात बसली. मंगळवारपर्यंत करून बघा.

घसा_डॉक्टर_ठाणे
रविवार, रात्री ११:०६

ताई, बाकीचं सगळं नंतर. बाबांना आत्ता हॉस्पिटलमध्ये घेऊन जा. मंगळवार सोडाच, उद्या सकाळची पण वाट बघू नका.

श्वास आत घेताना शिट्टी, आडवं झोपता न येणं, थुंकी न गिळता येणं, या तिन्हीचा मिळून अर्थ एकच, श्वासाची वाट अरुंद झालीये. माणूस बोलतोय म्हणून आपल्याला धीर वाटतो, पण सूज अजून थोडी वाढली तर सगळं फार पटकन हाताबाहेर जातं. १०८ ला फोन करा. गाडी हाताशी असेल तर सरळ निघा, पण बाबांना बसवूनच न्या, आडवं करू नका. जिथे नाक कान घसा विभाग, भूलतज्ज्ञ आणि आयसीयू तिन्ही रात्री हजर असतात अशाच ठिकाणी जा, छोट्या नर्सिंग होममध्ये वेळ घालवू नका. निघायच्या आधी फोन करून एवढंच सांगा, स्वरयंत्राजवळ पू आहे, श्वासाला आवाज येतोय, सीटी झालेला आहे. सीटीची सीडी आणि फिल्म दोन्ही बरोबर घ्या, नुसता कागद नको. इथून पुढे खायला प्यायला काहीही देऊ नका, शुगर किती आहे ते तपासून घ्या आणि आजची गोळी कधी घेतली ते लिहून ठेवा.

घणसोली_गाव, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं, पण तुमच्या मावशीची गाठ ही नव्हती. ही गाठ शेकून पिकवली आणि आतल्या बाजूला फुटली तर पू थेट श्वासनलिकेत उतरतो. पोटीस नको, शेक नको, दाबायचं तर अजिबात नाही.

घणसोली_गाव
रविवार, रात्री ११:०९

सॉरी ताई, मला एवढं माहीत नव्हतं. लेपाचं विसरा. गाडी हवी असेल तर सांगा, मी घणसोलीत आहे, दहा मिनिटात ऐरोलीला येतो.

ऐरोली_सेक्टर३
सोमवार, पहाटे ४:४०

दादा तुमची गाडी आली म्हणून वेळेत पोचलो. विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून जाताना गाडी जरा आपटली तेव्हा बाबांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की अजून वळ आहे. १२ च्या आत ठाण्यातल्या हॉस्पिटलमध्ये होतो. ऑक्सिजन लावला, सलाइनमधून अँटिबायोटिक आणि स्टेरॉईड दिलं, परत दुर्बिणीने बघितलं. म्हणाले डाव्या बाजूचा फुगवटा इतका आलाय की खालच्या स्वरपट्ट्या दिसतच नाहीत. पाऊण तास बघून मग जागेपणीच, गळ्याला नुसतं भुलीचं इंजेक्शन देऊन, खाली भोक पाडून नळी टाकली. मी सही केली तेव्हा हात कापत होता. नंतर बाहेरून जाड सुई घालून गाठीतला पू काढला, ३० मिली निघाला, हिरवट पिवळा आणि भयंकर वास. आता आयसीयूत शांत झोपलेत. तीन दिवसांनी पहिल्यांदा आडवे झोपलेत.

नळीमुळे आवाज नाही. मला खुणेने पेन मागितलं आणि सीटीच्या पाकिटावर लिहिलं, कामावर कळव.

आता डॉक्टर म्हणतात की हे फक्त संकट टाळलंय, खरं ऑपरेशन पुढे आहे. ते काय असतं ते कुणी नीट समजावून सांगेल का? इथे राऊंडला येतात तेव्हा डोक्यात काही राहत नाही.

घसा_डॉक्टर_ठाणे
सोमवार, रात्री ९:३०

वाचून खूप बरं वाटलं. नळी टाकायला लागली म्हणून वाईट वाटून घेऊ नका, त्या क्षणी तोच सगळ्यात सुरक्षित रस्ता होता. अशा पेशंटला आडवं करून पूर्ण भूल दिली तर घशाचे स्नायू सैल पडतात आणि होती ती वाट पण बंद होते, तोंडातून नळी घालायला गेलं तर सगळीकडे सूज, काही दिसत नाही. म्हणून एक तर जागेपणी नाकातून दुर्बिणीवरून नळी सरकवतात नाहीतर तुमच्याकडे केलं तसं गळ्यातून. ठरवून टाकलेली नळी आणि जीव गुदमरत असताना घाईत टाकलेली नळी यात जमीन अस्मानाचा फरक आहे.

आता नीट सांगतो, जरा लांबेल. आपल्या स्वरयंत्रात वर खाली अशा पट्ट्यांच्या दोन जोड्या असतात, खालच्या खऱ्या, ज्यांच्यातून आवाज निघतो, आणि वरच्या खोट्या. दोन्हींच्या मध्ये प्रत्येक बाजूला एक खाच असते आणि त्या खाचेतून वर जाणारी एक छोटी आंधळी पिशवी असते, सॅक्यूल म्हणतात तिला. तिच्यात भरपूर ग्रंथी असतात, त्यांचा पातळ स्राव खालच्या पट्ट्यांवर उतरून त्या ओल्या राहतात. आम्हाला शिकवताना स्वरयंत्राची तेलाची कुपी म्हणूनच सांगतात. बहुतेकांमध्ये ती इवलीशी राहते, कंठमण्याच्या कूर्चेच्या वरच्या काठापलीकडे जात नाही. काहींची जन्मतःच मोठी असते, त्यात वर्षानुवर्षं जोर लावून फुंकणं, वजन उचलणं, जुनाट खोकला असं काही असलं की हवा भरून ती फुगते. त्या हवेच्या फुग्याला लॅरिंगोसील म्हणतात. नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन लॅरे याने १८२९ मध्ये इजिप्तमधल्या मिनारावरून बांग देणाऱ्या लोकांच्या गळ्यातले असे फुगे लिहून ठेवलेत, आणि लॅरिंगोसील हे नाव १८६७ मध्ये जर्मन डॉक्टर फिरखोने दिलं. तुतारीवाले, काच फुंकणारे यांची उदाहरणं आमच्या पुस्तकात आजही असतात, पण प्रत्येक फुंकणाऱ्याला होत नाही, तेव्हा ३१ वर्षांच्या नोकरीला एकट्या दोष देऊ नका.

फुगा स्वरयंत्राच्या आतच राहिला तर आतला प्रकार, बाहेरून गळ्यावर काहीच दिसत नाही, फक्त आवाज बसतो. कंठमणी आणि त्याच्या वरचं हायॉइडचं छोटं हाड यांच्यामध्ये एक पडदा असतो, तिथून नस आणि रक्तवाहिनी आत जाते, त्याच कमकुवत जागेतून फुगा बाहेर आला की गळ्यावर दिसतो. बाबांचा दोन्हीकडे आहे, म्हणजे मिश्र प्रकार, मध्ये पडद्यापाशी आवळलेला, डमरूसारखा. दाबल्यावर बुडबुड आवाज यायचा असं तुम्ही लिहिलंय ते वाचूनच माझ्या मनात हे आलं होतं, त्या खुणेला ब्राइसची खूण म्हणतात.

आता पिशवीचं तोंड सुजेने किंवा चिकट स्रावाने बंद झालं की आत साचतं आणि त्यात जंतू शिरले की पू होतो, तेच तुमच्या रिपोर्टमधलं लॅरिंगोपायोसील. मूळ लॅरिंगोसीलच किती दुर्मिळ, तर ब्रिटनमधल्या एका जुन्या हिशोबात वर्षाला २५ लाखांत एक, आणि त्यातल्या साधारण ८ ते १० टक्क्यांमध्ये पू होतो असं सांगतात. म्हणून पहिल्या दोन डॉक्टरांना सुचलं नाही याचा राग धरू नका. गळ्याच्या बाजूला गाठ आणि ताप म्हटलं की आपल्याकडे आधी टीबीची गाठ, साधा गळू, जन्मजात ब्रँकियल सिस्ट, थायरॉईड हेच डोक्यात येतं. राग यायचाच असेल तर एका गोष्टीचा यावा, की आवाज बदललेल्या माणसाच्या स्वरयंत्रात कुणी दुर्बिणीने डोकावलं नाही. पाच मिनिटांचं काम आहे, भूल लागत नाही. सोनोग्राफीत पू आहे एवढं कळतं पण हवेमुळे आतलं नीट दिसत नाही, सीटीत हवा आणि पुवाची सरळ आडवी रेघ दिसते, पडद्यातून गेलेली मान दिसते, आणि तिथेच निदान होतं.

कॅन्सरचं विचारलंत. हा आजार स्वतः कॅन्सर नाही. पण त्या खाचेत लपलेली छोटीशी कॅन्सरची गाठ पिशवीचं तोंड बंद करते आणि वर फुगा होतो असंही होतं, त्यामुळे वय ५९, तंबाखूची सवय, म्हटल्यावर ते शोधल्याशिवाय सोडायचं नाही. सूज असताना दुर्बिणीतून त्या खाचेतलं दिसत नाही, म्हणून सूज उतरल्यावर पूर्ण भूल देऊन मायक्रोस्कोपखाली बघायचं, शंका आली तर तुकडा काढायचा. हे तुमच्या डॉक्टरांना आठवणीने विचारा. पू कल्चरला आणि टीबीच्या सीबीनॅट तपासणीला गेलाय ना तेही विचारा.

सुईने पू काढून भागत का नाही, तर पिशवी आणि तिचं आतलं अस्तर तिथेच राहतं, ते परत स्राव करणार, तोंड परत बंद होणार. आधी पू काढून, अँटिबायोटिकने आग शांत करून, काही आठवड्यांनी पिशवी मुळासकट काढणं हा एक मार्ग. काही सर्जन एकाच वेळी सगळं करतात, तेही चूक नाही, पण पू असताना सगळे थर एकमेकांना चिकटलेले असतात, नस ओळखायला कठीण जातं. शुगर असलेल्या माणसात मी स्वतः थांबतो.

ऑपरेशन मिश्र प्रकारात बहुतेक बाहेरून करतात. गळ्याच्या घडीतच आडवा छेद, त्यामुळे नंतर वण फारसा दिसत नाही. स्नायू बाजूला करून पिशवी सुटी करायची, ती धरून त्या पडद्यापर्यंत आणि तिथून आत थेट खाचेपर्यंत माग काढायचा, गरज पडली तर कंठमण्याच्या कूर्चेचा वरचा थोडा काठ काढून जागा करायची, मग अगदी बुडाशी बांधून कापायची. या सगळ्यात जपायची ती एक नस, त्याच पडद्यातून जाणारी, स्वरयंत्राच्या वरच्या भागाला संवेदना देणारी. ती दुखावली तर आवाज राहतो पण पाणी प्यायलं की ठसका लागतो कारण पाणी चुकीच्या वाटेने गेलेलं घशाला कळत नाही. फक्त आतला प्रकार असेल तर तोंडातूनच, मायक्रोस्कोप आणि सीओटू लेसरने करता येतं, गळ्यावर छेदच नाही.

आवाजाचं, ज्या पट्ट्यांतून आवाज निघतो त्यांना सहसा हात लागत नाही. काही आठवडे घोगरा राहील. मी इथे बसून बाबांना तपासलेलं नाही, तेव्हा तुमच्या सर्जनचा शब्द माझ्या वरचा.

कोपरीचा_बँडवाला
सोमवार, रात्री १०:१५

डॉक्टर साहेबांनी लिहिलेला आतला प्रकार म्हणजे मी. लग्नाच्या बँडमध्ये २२ वर्षं ट्रम्पेट वाजवलाय. ताई, माझ्या गळ्यावर बाहेरून काहीच नव्हतं. आवाज बसायचा आणि जिना चढताना दम लागायचा, म्हणून मला जवळजवळ पाच महिने दमा समजून पंप दिला. पंप मारून मारून तोंडात छाले आले पण दम तसाच. सीझन चालू, लोक म्हणायचे तुझा सूर फाटतोय, मी म्हणायचो धुळीने होत असेल. मग एका रात्री ताप येऊन श्वास अडकला तेव्हा दुर्बिणीने बघितलं.

माझं पहिल्यांदा तोंडातून फक्त चीर देऊन पू काढला आणि घरी पाठवलं. इतकं हलकं वाटलं की मी फॉलोअपला गेलोच नाही, चूक माझी. आठ महिन्यांनी परत तेच, तसाच ताप, तसाच अडकलेला श्वास. दुसऱ्या वेळेला लेसरने पिशवी काढली, नंतर आजतागायत काही नाही. म्हणून सांगतो, पू निघाल्यावर बाबांना बरं वाटेल, जेवतील, कामावर जातो म्हणतील, घरचे पण म्हणतील आता कशाला कापाकापी. तेव्हा ऐकू नका. तारीख घ्या आणि त्या तारखेला जाच.

आवाज माझा तीन आठवडे घोगरा होता, नंतर आला. ट्रम्पेट सोडला, आता ताशा वाजवतो.

सिस्टर_वाशी
मंगळवार, सकाळी ७:२०

नाइट संपवून वाचतेय. गळ्यातल्या नळीबद्दल कुणी सांगितलं नाही म्हणून लिहिते, घरी जाताना नळी असेल तर हे तुम्हालाच करायचंय. नळीच्या आत अजून एक नळी असते, ती काढून धुता येते, दिवसातून तीन चार वेळा तरी, चिकट कफ असेल तर जास्त. वॉर्डमध्ये आहात तोवर सिस्टरच्या समोर तुम्ही स्वतःच्या हाताने काढून घालून बघा, नुसतं बघून येत नाही, पहिल्यांदा सगळ्यांचे हात थरथरतात. नळीच्या तोंडावर ओला गॉज ठेवा म्हणजे हवा कोरडी जात नाही. सक्शन मशीन भाड्याने मिळतं. लाइट गेली तर चालेल असं पायाने चालणारं पण असतं, ते घ्या. त्याच मापाची एक जास्तीची नळी घरात ठेवा. आणि बाबांना अंघोळ घालताना पाणी छातीच्या खालीच.

बोलता येत नाही म्हणून माणूस चिडतो, त्यांच्यावर आवाज चढवू नका. उशाशी एक छोटी घंटी ठेवा. पाटी पेन्सिल पण चालते, मोबाईलवर टाइप करायला या वयात वैताग येतो.

रबाळे_युनियन
मंगळवार, दुपारी १:०५

ताई, पैशाचं पण बघा. वडिलांचा पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआयसी (कामगार विमा) चालू असणार, कार्ड काढा आणि ऑफिसला आजच कळवा, सिक लीव्हचे पैसे पण त्यातूनच मिळतात. पगार वर असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. हॉस्पिटल योजनेत आहे का आणि हे ऑपरेशन कुठल्या पॅकेजमध्ये बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनच्या आधी विचारा, नंतर मंजुरीसाठी धावपळ होते. रेशन कार्ड आणि आधार झेरॉक्ससकट तयार ठेवा. खाजगीत जमणार नसेल तर कळव्याचं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, त्याला मेडिकल कॉलेज जोडलेलं आहे.

ऐरोली_सेक्टर३
शनिवार, संध्याकाळी ६:३०

सगळ्यांचे खूप आभार. ताप उतरला. पुवाच्या कल्चरमध्ये क्लेबसिएला नावाचा जंतू आला, त्याप्रमाणे अँटिबायोटिक बदललं. टीबी निगेटिव्ह. तीन महिन्यांची शुगर मात्र ९.४ निघाली, म्हणजे गोळ्या चालू होत्या पण कंट्रोल नव्हताच, आता इन्सुलिन चालू आहे. डॉक्टर म्हणाले आधी ही खाली येऊ दे, पाच आठवड्यांनी ऑपरेशन, तोवर नळी राहील. सिस्टर, तुम्ही लिहिलेलं सगळं वॉर्डात करून बघितलं, दुसऱ्या दिवशी मी आतली नळी एकटीने धुतली.

कोपरीचे काका, तुमचं वाचून दाखवलं बाबांना. कारण ते खरंच म्हणजे लिहूनच म्हणत होते की आता बरा आहे, ऑपरेशन कशाला. तुमची आठ महिन्यांची गोष्ट ऐकली आणि पाटी खाली ठेवली.

एक प्रश्न डॉक्टरांना, सूज उतरली तर पाच आठवडे नळी कशाला ठेवायची? आधी काढता येत नाही का?

घसा_डॉक्टर_ठाणे
शनिवार, रात्री ११:४५

काढता येते, काही सर्जन काढतात. पण पिशवी अजून आत आहे, ती मधेच परत भरली तर तुम्ही ऐरोलीत, रात्रीची वेळ, आणि गेल्या रविवारी जे झालं तेच परत. शिवाय ऑपरेशनच्या वेळी भूल याच नळीतून देता येते आणि नंतरचे दोन तीन दिवस आतली सूज असते तेव्हाही वाट सुरक्षित राहते. मला तुमच्या डॉक्टरांचा निर्णय पटतो.

ऐरोली_सेक्टर३
साधारण सात आठवड्यांनी, गुरुवार, दुपारी ३:१०

उशिरा लिहितेय, माफ करा. कुणाच्या घरी असंच काही आलं तर उपयोगी पडेल म्हणून सगळं लिहिते.

ऑपरेशन झालं, साडेतीन तास लागले. आधी तोंडातून मायक्रोस्कोपने ती खाच बघितली, वरवर काही दिसलं नाही तरी दोन तुकडे काढले. मग गळ्याच्या घडीत आडवा छेद. सर्जननी बाहेर येऊन डबीतली पिशवी दाखवली, मी विचार केला होता काहीतरी भयंकर असेल, तर मेलेल्या फुग्याच्या रबरासारखी सुरकुतलेली, करड्या गुलाबी रंगाची, माझ्या अंगठ्यापेक्षा थोडी मोठी, एका टोकाला दोरा बांधलेला. एवढ्याशा गोष्टीने माणूस गुदमरत होता. नस दिसली, वाचवली, असं ते स्वतःहून म्हणाले, मी विचारायच्या आधी.

तीन दिवस नाकातल्या नळीने खाणं. चौथ्या दिवशी पहिल्यांदा चमच्याने घट्ट पेज दिली, ती नीट गेली, मग पाणी. पहिल्या घोटाला ठसका लागला आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण डॉक्टर साहेबांनी लिहिलेलं ते नसेचं डोक्यात होतं. सर्जन म्हणाले हनुवटी छातीला टेकवून बारीक घोट घ्या. दोन दिवस तसं केलं, आता साधं बसून पाणी पितात. सहाव्या दिवशी गळ्याची नळी आधी बुच लावून एक अख्खी रात्र बघितली, मग काढली. भोक पट्टी लावून आपोआप बुजत आलंय, बोलताना बोट ठेवायला लागतं थोडं.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट काल आला. पिशवीच्या आत श्वासमार्गाचं असतं तसंच अस्तर, जुनी सूज, कुठेही कॅन्सर नाही. ते दोन तुकडेही स्वच्छ. तरी सहा महिने दर महिन्याला दुर्बिणीने बघायला बोलावलंय, तंबाखूमुळे, आणि आम्ही जाणार आहोत. शुगर ७.१ वर आलीये.

डॉक्टर साहेब, शेवटचा प्रश्न, फुंकायचं काम परत करावं का? बाबा स्वतः विचारतायत.

घसा_डॉक्टर_ठाणे
गुरुवार, रात्री १०:२०

रिपोर्ट वाचून फार समाधान वाटलं. सहा आठवडे तर जोर नकोच, फुंकणं, जड उचलणं, संडासला कुंथणं, काहीच नाही. पुढचं विचाराल तर पिशवी बुडापासून गेली आहे म्हणजे डावीकडे परत होण्याचा धोका कमी, पण उजवीकडची पिशवी आहेच आणि ३१ वर्षं तिच्यावरही तोच दाब होता. सीटीत उजवी बाजू कशी आहे ते तुमच्या सर्जनकडून एकदा नीट बघून घ्या. माझं मत, कंपनीत दुसरं काम मिळत असेल तर ते घ्यावं.

ऐरोली_सेक्टर३
शुक्रवार, सकाळी ८:४५

उजवी बाजू सीटीत नॉर्मल आहे, आजच फोन करून विचारलं. कंपनीने ग्राइंडिंगला घेतो म्हणून सांगितलंय, जोडांना घासून बसवायचं काम, आणि दोन नवीन मुलांना बर्नरवर शिकवायला उभं राहायचं. बाबा हो म्हणाले. आवाज घोगराच आहे अजून पण काल रात्री आत्याशी फोनवर वीस मिनिटं बोलले, पोटीसाबद्दलच बोलत होते.